गाण्यांचीं चित्रें



गेल्या दिवाळीनंतर आमच्या कडा गांवीं एक लहानसा प्रसंग घडला, आणि आजचें हें भाषण त्या प्रसंगांतूनच निघालें आहे. परंतु तो सांगण्यापूर्वीं आपणांस मला थोडें दूर, फ्रान्स देशांत, न्यावें लागेल. कारण ज्या पुस्तकानें मला हा खटाटोप करावयास लावलें, तें पुस्तक फ्रेंच आहे.

इ. स. १८४२ च्या सुमारास पॅरिसमधील देलुवा नांवाच्या प्रकाशकानें आपल्या देशांतील लोकप्रिय गाण्यांची एक सचित्र माला सुट्या अंकांच्या रूपानें काढण्यास आरंभ केला. असे ८४ अंक निघाले, आणि १८४३ सालीं त्यांचे तीन खंड पुरे झाले. मालेंतील पानाची रचना मोठी मनोहर आहे. गाण्याचे शब्द आणि चित्र हीं दोन्हीं एकाच पोलादी पत्र्यावर कोरलेलीं. शब्द मध्यें आणि त्यांच्या वरखालीं, कडेकडेनें, वेलीनें खांबास वेढावें तसें चित्र. त्रिमोले, दोबिन्यी, मेसोनिए इत्यादि चित्रकारांनीं हें काम केलें. यांतील दोबिन्यी पुढें निसर्गचित्रांसाठीं नांवाजला, मेसोनिएच्या चित्रांना राजेरजवाड्यांची किंमत आली. आणि त्रिमोले मात्र पुस्तक पुरें झालें त्याच सालीं, ऐन तिशींत, निवर्तला. आज त्याचें नांव मुख्यतः या गाण्यांच्या पानांमुळेंच उरलें आहे.

हीं गाणीं कोणतीं? दरबारी नव्हेत, देवळांतलीं नव्हेत. पाळण्याशीं म्हणावयाचीं, फेर धरून म्हणावयाचीं, पलटणींत म्हणावयाचीं. त्यांत मालब्रूचें एक गाणें आहे. इंग्रजांचा सेनापति मार्लबरो हा १७०९ सालच्या माल्प्लाकेच्या लढाईंत पडला अशी अफवा उठली, तेव्हां फ्रेंच शिपायांनीं हें रचलें असें म्हणतात. सरदार लढाईस गेला, त्याची पत्नी बुरुजावर चढून वाट पाहते, आणि काळे कपडे घातलेला हुजऱ्या दुःखाची वार्ता घेऊन येतो, एवढीच कथा. खरा मार्लबरो त्यानंतर तेरा वर्षें जगला व १७२२ सालीं आपल्या घरीं वारला. पण गाण्यांत तो एकदां मेला तो मेलाच. आणि चित्रकारांनींही बुरुजावरची ती स्त्री व तो हुजऱ्याच काढला. इतिहासाची दुरुस्ती करण्याच्या भरीस ते पडले नाहींत, हें मला फार शहाणपणाचें वाटतें.

याच्याही अगोदर, १८३६ सालीं, ग्रांव्हिल या चित्रकाराच्या चित्रांसह बेरांजेचीं गीतें छापलीं गेलीं होतीं. बेरांजे हा शाहीरच म्हणावयाचा. राजसत्तेला झोंबणारीं गाणीं केलीं म्हणून त्याला दोनदां तुरुंग घडला. १८२१ सालच्या शिक्षेंत तीन महिने आणि १८२८ सालच्या शिक्षेंत नऊ महिने, शिवाय दहा हजार फ्रँक दंड. ग्रांव्हिलही सरळ मार्गाचा नव्हे. तो व्यंगचित्रें काढी. १८३५ सालीं फ्रेंच सरकारनें चित्रांवर निर्बंध घातले, तेव्हां राजकीय व्यंगचित्राचा धंदा बसला आणि हा पुस्तकांच्या चित्रांकडे वळला. तुरुंग पाहून आलेल्या शाहिराचीं गाणीं, आणि निर्बंधांत सांपडलेल्या चित्रकाराचीं चित्रें! अशी जोडी जमणें हा योगच म्हणावयाचा.

पुढें त्या शतकाच्या अखेरीस आणखी दोन चित्रकार झाले, आणि आमच्या विषयाला त्यांचीच गरज आहे. बूते द मॉन्व्हेल यानें १८८३ सालीं मुलांच्या जुन्या गाण्यांचें एक पुस्तक केलें. स्वरयोजना व्हिदोर या संगीतकाराची. सपाट, फिके रंग, बारीक रेघ, आणि शब्दांत जें आहे तेंच चित्रांत. पुलावर नाच आहे असें गाणें म्हणतें, तर पूल आहे आणि नाच आहे. दुसरा स्टाइनलेन. हा मूळचा स्वित्झर्लंडमधील लोझानचा. तरुणपणीं पॅरिसला आला व तिथलाच झाला. गल्लीबोळांतलीं गाणीं गाणारा ब्रुआं याच्या पुस्तकाला त्यानें चित्रें दिलीं आणि एका साप्ताहिकासाठीं वर्षानुवर्षें गीतांवर व कथांवर शेंकडों चित्रें काढलीं. त्यांत धोबिणी आहेत, बेकार कामकरी आहेत, पावसांत दिव्याखालीं उभ्या राहिलेल्या मुली आहेत. म्हणजे बूते द मॉन्व्हेल गाण्यांत जें सांगितलें आहे तें काढतो. स्टाइनलेन तें गाणें ज्यांच्या तोंडीं आहे तीं माणसें काढतो. हा भेद कृपा करून ध्यानांत ठेवावा, कारण पुढें मला त्यानेंच पेंचांत टाकलें.

आतां आपल्याकडे वळूं. गाण्याचें चित्र ही गोष्ट आपल्याला फ्रेंचांपासून शिकावी लागली असें कोणी समजूं नये. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यांत रंगीत चित्रांच्या साह्यानें कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख आहे. हें कल्याण म्हणजे आजचें बसवकल्याण, आमच्या मराठवाड्याच्या अगदीं शिवेवरचें. म्हणजे आठ-नऊशें वर्षांपूर्वीं या प्रदेशांत चित्र दाखवून कथा सांगणें हा एक मान्य व्यवसाय होता.

त्या व्यवसायाचे जे उत्तराधिकारी, ते चित्रकथी. त्यांची पोथी म्हणजे शिवलेलें पुस्तक नव्हे. तो सुट्या चित्रांचा गठ्ठा असतो. दोन चित्रें पाठीला पाठ लावून चिकटविलेलीं, आणि एका कथेला अशीं तीसचाळीस किंवा त्याहूनही अधिक. रात्रीं देवळाच्या ओसरीवर बैठक मांडावयाची, वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीवर कथा गावयाची, आणि कथा जसजशी सरकेल तसतसें एकेक चित्र पुढें आणावयाचें. मागें बसलेल्या माणसालाही कळावें म्हणून आकृति मोठ्या, रेघ ठसठशीत, डोळे वाटोळे व मोठाले. मागची जागा बहुधा मोकळी. झाड म्हणजे एक झाड, रथ म्हणजे एक रथ. रामायण-महाभारतांतल्या कथा तर असतच, पण मूळ ग्रंथांत शोधूनही सांपडणार नाहींत अशाही कथा असत.

या परंपरेचीं दोन ठिकाणें मुख्यतः ज्ञात आहेत. एक कोंकणांत, कुडाळजवळील पिंगुळी. तेथील ठाकर समाजानें, सावंतवाडीच्या संस्थानिकांचा आश्रय सरल्यावरही, पोथ्या, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या हीं तिन्हीं अंगें सांभाळलीं. २०२१ सालीं परशुराम गंगावणे यांना या कामाबद्दल पद्मश्री मिळाली. दुसरें ठिकाण आमच्या बाजूचें, गोदाकांठचें पैठण.

पैठणच्या चित्रांची हकीकत मात्र निराळी आहे. पुण्याचे दिनकर केळकर हे मूळचे कवि. 'अज्ञातवासी' या नांवानें ते कविता लिहीत. पुढें त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला, आणि अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे गोळा करतां करतां त्यांच्या हातीं हीं चित्रें आलीं. पैठणला मिळालीं म्हणून तीं 'पैठणचीं चित्रें' झालीं. आपल्या अकालीं वारलेल्या राजा या मुलाच्या नांवानें त्यांनीं संग्रहालय उभें केलें व १९७५ सालीं तें महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केलें. तीं चित्रें आज तेथें आहेत. जर्मन भाषेंत त्यांवर प्रबंध लिहिला गेला आहे. पण चित्रांवर गाणें लिहिलेलें नाहीं. तें लिहिण्याची गरजच नव्हती. चित्र दाखविणारा तें गात असे. दाखविणारा गेला, आणि चित्र तेवढें राहिलें. मीं तीं पाहिलीं तेव्हां माझ्या शेजारीं एक गृहस्थ आपल्या मुलाला 'हा राक्षस बघ' म्हणून सांगत होते. मुलानें विचारलें, 'तो काय करतोय?' गृहस्थांना सांगतां येईना. मलाही येईना.

फ्रान्समध्यें याच्या नेमकें उलट झालें आहे. तेथेंही रस्त्यावर रंगीत कापडाचा फलक उभारून, काठीनें एकेक चौकट दाखवीत खुनाचीं व फांशीचीं गाणीं गाणारे गवई होते. १८१७ सालीं रोदेझ गांवीं फ्यूआल्देस नांवाच्या माणसाचा खून झाला, त्याचें गाणें तर देशभर झालें. एपिनाल येथील पेलेरां याच्या छापखान्यांत १७९६ पासून ठशाचीं रंगीत चित्रें निघत. त्यांत गाण्यांचेही कागद असत, आणि फेरीवाले ते खेडोपाडीं विकीत. गवई गेले, फलक फाटले, परंतु शब्द छापलेले होते म्हणून गाणें उरलें. तेथें गाणें उरलें व फलक गेला. येथें फलक उरला व गाणें गेलें.

आपल्याकडे छापखाना आला नाहीं असें नाहीं. पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८ सालीं निघाला, विष्णुशास्त्री चिपळूणकर त्याच्या संस्थापकांपैकीं एक. १८९४ सालीं राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईस निघाला व पुढें मळवलीस गेला. त्यांचीं देवादिकांचीं रंगीत चित्रें खेड्यांतल्या भिंतींवर जाऊन बसलीं. भिंतीवरच्या लक्ष्मीपुढें पोथीतल्या वाटोळ्या डोळ्यांच्या रावणाचा टिकाव लागणें कठीणच होतें. परंतु भिंतीवरचें चित्र गात नाहीं, हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आलें असेल असें वाटत नाहीं. गाण्यांचे संग्रह निराळे निघाले. अॅक्वर्थ व शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं पोवाडे छापले. साने गुरुजींनीं बायकांच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत शब्द आहेत, चित्र नाहीं. आणि 'चित्रकथी' हा शब्द आज महाराष्ट्रांत बहुतेकांना भेटतो तो भटक्या जमातींच्या शासकीय यादींत, जातीच्या दाखल्यावर लिहावयाचें नांव म्हणून. ज्याच्या नांवांत चित्रही आहे आणि कथाही आहे, त्याच्या हातीं शेवटीं एक दाखला उरला!

असो. आतां कड्याचा प्रसंग.

कडा हें बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतलें गांव. पूर्वीं हा मुलूख निजामाचा, आणि थोडें पश्चिमेस गेलें कीं इंग्रजांचा नगर जिल्हा. नगरहून आष्टीस जाणारी रेल्वे २०२२ सालीं सुरू झाली, तिचें एक स्थानक आमचें. उत्तरेस डोंगरांत सावरगांवची मायंबा आहे, तेथें मच्छिंद्रनाथांची समाधि; पलीकडे मढीस कानिफनाथ. रंगपंचमीच्या सुमारास मढीच्या यात्रेला महाराष्ट्रांतल्या भटक्या जमाती लोटतात. पाऊस बेताचा, जमीन हलकी. दसरा-दिवाळी झाली कीं या तालुक्यांतलीं माणसें ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते; नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत संसार घालून सांगली-कोल्हापूरच्या बाजूस जातात ते उन्हाळा लागतां परततात. म्हातारीं माणसें व शाळेंत जाणारीं मुलें पुष्कळदां मागें राहतात.

माझ्या एक आत्या कड्यास असतात. वय ऐंशींच्या पुढें. त्यांना जात्यावरच्या ओव्या किती येतात याची गणती मीं कधीं केली नाहीं. एक आठवली कीं तिच्या शेपटाला धरून दहा येतात. या बाबतींत आपल्यावर एका फ्रेंच माणसाचें ऋण आहे, तें येथें सांगितलेंच पाहिजे. गी प्वातव्हां हे फ्रान्समध्यें जन्मले, १९७२ सालीं पुण्यास आले व येथेंच राहिले. त्यांनीं व हेमा राईरकर यांनीं खेड्यापाड्यांत कार्यकर्त्या बायका पाठवून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. हा संग्रह एक लक्षाहून अधिक ओव्यांचा आहे. त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रितही झाल्या, आमच्याच जिल्ह्यांतील माजलगांवच्या बायकांच्या त्यांत आहेत. २००४ सालीं प्वातव्हां वारले. म्हणजे ओवीचे शब्द राहतील, आवाजही राहील. पण ओवीला चित्र कधींच नव्हतें. पहाटेच्या अंधारांत म्हणावयाच्या गाण्याला चित्र असणार तरी कसें?

त्या फ्रेंच पानांचा नाद डोक्यांत होताच. मीं आत्यांची एक ओवीमाला फोनमध्यें घेतली आणि गांवांतल्या एका शाळेंतील गुरुजींना विनंति केली कीं, पांचवी-सहावीच्या मुलांना ही ऐकवावी व तिचीं चित्रें काढावयास सांगावीं. ओव्यांचा विषय साधा आहे. सासरीं असलेली बहीण दिवाळीस भावाची वाट पाहते. लांब रस्त्यावर धूळ उठलेली दिसते, तिला वाटतें हा भाऊच. आणि मग त्याचा पोशाख, त्याची चाल, त्यानें आणलेली चोळी यांचें वर्णन.

तेवीस चित्रें आलीं. मीं आपणांस स्पष्टच सांगतों कीं माझी प्रथम निराशा झाली. अकरा मुलांनीं जातें काढलें होतें. जात्यावर दळलेलें त्यांनीं कधीं पाहिलेलें नव्हतें, त्यामुळें कोठें खुंटा मधोमध, कोठें जातें चुलीवर. दोघांनीं पिठाची गिरणी काढली, पट्ट्यासकट. एका मुलानें भाऊ आगगाडींतून कड्याच्या स्थानकावर उतरतांना काढला; हें मला आवडलें. बाकीच्यांनीं घर, सूर्य, डोंगर, जें कोणत्याही विषयावर काढतां येतें तें.

चित्रें घेऊन मी आत्यांकडे गेलों. त्यांनीं चष्मा लावला, जात्यांचीं चित्रें भराभर बाजूला सारलीं आणि म्हणाल्या, 'आरं, ह्यांनी जातंच काढलंय. ववी काय जात्याची असती का? जातं नुसतं फिरतंय. दळणारीचं ध्यान तिकडं, भावाकडं.'

मी गप्प झालों. स्टाइनलेनची रीति मीं मोठ्या कौतुकानें मनांत धरली होती, गाणारी माणसें काढावींत म्हणून. आणि गाणारीच मला सांगत होती कीं, मला काढूं नका. चित्रकथ्याच्या पोथींतही चित्रकथी स्वतः नसतो, हें तेव्हां माझ्या ध्यानांत आलें. मात्र आगगाडीवरही त्या फारशा खूष झाल्या नाहींत. भाऊ उतरला तो मोकळ्या हातांनीं उतरला होता. 'चोळी कुठंय?' त्यांनीं विचारलें. मीं तें चित्र परत नेलें, आणि त्या मुलानें भावाच्या हातीं एक पिशवी दिली.

तळाशीं एका मुलीचें चित्र होतें. त्यांत माणूस नव्हतेंच. कागदाच्या खालच्या कडेपासून वरपर्यंत एक रस्ता, आणि वरच्या टोंकाला धुळीचा तांबूस लोट. त्या धुळींत ट्रॉलीची मागची बाजू, लाल दिव्यांसकट. मी म्हणालों, 'आत्या, हिनें उलटें काढलें. गाणें येणाऱ्याचें आहे. ही तर जाणाऱ्याची धूळ दिसते.'

ती मुलगी आत्यांच्या घरामागेंच, आजीपाशीं राहते. आईबाप तोडीवर. आत्यांनीं तिला हांक मारून बोलावली. मीं तिला विचारलें, 'बाळ, ही गाडी येते कीं जाते?'

ती म्हणाली, 'जाती.'

'पण ओवींत तर भाऊ येतो ना?'

तिनें थोडा विचार केला. 'धूळ तर तीच असती कीं,' ती म्हणाली. 'पाडव्याला येतील तवा तोंड इकडं काढीन.'

माझा मुद्दा तिला पटला नाहीं, आणि पटवून देण्याची मलाही उमेद राहिली नाहीं. बूते द मॉन्व्हेलप्रमाणें शब्दांत जें आहे तें काढा, असा माझा आग्रह. पण शब्दांत मुख्य जें होतें, ती धूळ आणि तें वाट पाहणें, तें तिनें तेवीस जणांत एकटीनें काढलें होतें. तिला बहिणीची कथा माहीत नव्हती. रस्ता माहीत होता.

आत्यांनीं तो कागद मांडीवर ठेवला. बराच वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग हलक्या आवाजांत, जुन्याच चालीवर, त्यांनीं एक ओवी म्हटली. मला ती माहीत नव्हती. त्यांत बैलगाडीच्या जागीं ट्रॅक्टर होता, भावाच्या जागीं लेक होती, आणि वाट पाहणारी म्हातारी होती. 'ही कुठली?' मीं विचारलें. 'कुठली म्हंजी? आत्ताची,' त्या म्हणाल्या, आणि मुलीला जवळ बसवून त्यांनीं ती पुन्हां म्हटली.

ती मीं फोनमध्यें घेतली आहे. तिचें चित्र अजून कोणीं काढलेलें नाहीं.